घरी व्यायाम की जिम? चाळिशीनंतर काय टिकतं, अनुभव सांगा

सातबावन्नची_लोकल

मी ४४ वर्षांची. राहायला डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टात. सकाळी ७:५२ ची फास्ट पकडते आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेआठ होतात.

गेल्या दिवाळीत माळ्यावरून चकलीच्या पिठाचा पितळी डबा काढत होते. दरवर्षी तो मी स्टुलावर उभी राहून एका हाताने खाली घेते. या वेळी दोन्ही हात लावले तरी डबा छातीशी येईपर्यंत दंड थरथरत होते. डबा तोच, पीठही नेहमीएवढंच. त्या दिवसापासून हे डोक्यातून गेलेलं नाही.

जानेवारीत जिमची वर्षाची फी भरली. दारात बोट लावून हजेरी होते, त्यामुळे हिशेब नक्की माहीत आहे: वर्षभरात ३७ दिवस गेले. मग घरी चटई आणि ३ किलोच्या डंबेल्सची जोडी आणली. ते तीन आठवडे चाललं. घरी सुरू केलं की दूधवाला येतो, कुकर होतो, मुलाला इस्त्रीचा शर्ट हवा असतो.

आता जिमच्या सभासदत्वाचं नूतनीकरण या महिनाअखेरीस आहे. पैसे भरू की घरीच नीट बस्तान बसवू? वजन कमी करणं हा माझा मुद्दा नाही. मला ताकद परत हवी आहे.

टेकडीवाला

फी भरू नका. मी २२ वर्षं रोज पहाटे हनुमान टेकडी चढतो, रविवारी सिंहगड. आजवर जिमचं तोंड पाहिलेलं नाही. रक्तदाब, साखर सगळं जागच्या जागी. मोकळी हवा सोडून बंद खोलीत पट्ट्यावर धावायचं, हे मला कधीच पटलं नाही. डोंबिवलीत टेकडी नसेल तर स्टेशनपर्यंत चालत जा आणि जिने चढा.

हिरवा_पट्टा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

टेकडीवाले काका, तुमची २२ वर्षं खरोखर मोलाची आहेत, त्यात एक दिवसही कमी करू नका. पण ताईंनी विचारलंय ते दंडांबद्दल. टेकडीने हृदय, फुप्फुसं, मांड्या, पोटऱ्या तयार होतात. डबा खाली घ्यायला खांदे, पाठ आणि पकड लागते, आणि त्यांना टेकडीवर काही कामच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आपल्याकडे पहिलं पुष्कळ लोक करतात. दुसरं जवळजवळ कुणी करत नाही, बायका तर नाहीच.

चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे कमी होतात आणि पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगाने होते. माझ्याकडे मनगट मोडून आलेल्या साठीच्या बाया येतात. त्यातल्या बहुतेक मोरीत किंवा अंगणात घसरलेल्या असतात. ताई, तुम्हाला हे ४४ व्या वर्षीच कळलं, हे चांगलं झालं.

जिम की घर याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही. मला दोन गोष्टी सांगा. त्या ३ किलोच्या डंबेल्सनी तुम्ही काय करत होतात? आणि जिममध्ये ३७ दिवस काय केलंत?

दुसरी_बाजू

बायकांना वेगळा व्यायाम कशाला हवा? केर, लादी, धुणं, वाकणं, उठणं. माझ्या आईने जन्मात जिम पाहिली नाही आणि ऐंशीपर्यंत ठणठणीत होती.

खिचडी_कढी

दुसरी_बाजू, तुमच्या आईंबद्दल आदर आहेच. पण त्या पाटा-वरवंटा चालवायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, हंडा कमरेवर घेऊन चढ चढायच्या. आज मी मिक्सरचं बटण दाबते. राहिलेलं घरकाम म्हणजे तेच तेच वाकणं, त्याच बाजूच्या हाताने, तीस वर्षं. त्याने माणूस दमतो. ताकद वाढत नाही. मी पोळ्या लाटून लाटून उजवा खांदा आखडून घेतला तेव्हा हे मला चांगलंच समजलं.

हिरवा_पट्टा

खिचडी_कढी, अगदी बरोबर. पाणी शेंदणं हा तर पाठीचा उत्तम व्यायाम होता, आणि नेमकी तीच हालचाल आज आपल्या घरातून गेली. ताईंचं उत्तर आलं की त्यावर लिहिते.

लाल_माती

कोल्हापूरचा आहे, त्यामुळे राहवत नाही. तुम्ही सगळे घर आणि जिम असे दोनच पर्याय धरून चाललाय. आमच्याकडे तिसरा होता, तो म्हणजे तालीम.

मी सातवीत असताना वडिलांनी पेठेतल्या तालमीत नेऊन वस्तादांच्या पायावर घातलं. पहाटे साडेचारला दार उघडायचं. पहिले सहा महिने कुस्ती नाहीच, नुसती मेहनत. कुस्तीच्या हौदातली माती फावड्याने खालीवर करायची. तिच्यात ताक, लिंबू, तेल, हळद, कापूर घातलेला असायचा. तो वास अजून नाकात आहे. मग जोर, बैठका, सपाट्या आणि शेवटी दोरावर चढणं. फी नावालाच होती. एक दिवस गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी वस्ताद काही बोलत नसत, फक्त बघत. ते बघणं जास्त लागायचं. मेहनत झाली की गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं दूध.

मुद्दा असा की तालमीत वजनं फार नव्हती, आरसे नव्हते, पण वाट बघणारं माणूस होतं. घरी ते माणूस नसतं. आजच्या बऱ्याच जिममध्येही नसतं, कारण तिथं बोट लावलं की हजेरी लागते. ताई ३७ दिवसांनंतर गेल्या नाहीत तेव्हा त्यांना कुणी फोन केला का? केला असेल तर तो फक्त नूतनीकरणाचा असणार.

सातबावन्नची_लोकल

लाल_माती, अगदी तसंच झालं. वर्षात एकच फोन, तोही गेल्या आठवड्यात, ‘आज भरलेत तर सवलत’ म्हणून.

हिरवा_पट्टा, जिममध्ये मी २० मिनिटं ट्रेडमिल, मग सायकल, मग पोटाचे दोन व्यायाम करायचे. वजनांच्या बाजूला सगळी मुलं असत, तिकडे गेलेच नाही. घरी ३ किलोंनी हात वर-खाली, बाजूला, असे वीस-वीस वेळा.

हिरवा_पट्टा

म्हणजे ताई, तुम्ही जिममध्येही ताकदीचा व्यायाम केला नाही आणि घरीही नाही. दोष तुमचा नाही, तुम्हाला कुणी दाखवलंच नाही. वाण्याकडून दहा किलोची कणकेची पिशवी तुम्ही उचलून आणता ना? मग ३ किलोंनी तुमच्या पाठीला आणि मांड्यांना काय जाणवणार?

ताकद वाढवायची तर ठरावीक मुदतीने वजन वाढलं पाहिजे. वजन असं निवडा की आठ वेळा उचलताना शेवटचे दोन जड जावेत. असे तीन सेट, म्हणजे मध्ये थांबून तीन फेऱ्या. त्याच वजनाने बारा जमायला लागले, तेही तिन्ही सेटमध्ये, की थोडं वजन वाढवायचं आणि परत आठवर यायचं. वहीत लिहून ठेवायचं. माझ्या पेशंटना मी हे एवढंच शिकवते.

आता घराबद्दल. घरी ढकलण्याचे व्यायाम सहज होतात: ओट्याला हात टेकून जोर, मग स्टुलावर, मग जमिनीवर. बसण्या-उठण्याचेही होतात. अडतं ते ओढण्याच्या व्यायामांपाशी. घरात ओढायला काही नसतं. म्हणून घरी नेमाने व्यायाम करणाऱ्यांचीही पाठ मागे राहते आणि खांदे पुढे झुकतात. जिममध्ये त्यासाठी केबल असते, लॅट पुलडाउन (वरचा दांडा खाली ओढायचं यंत्र) असतं. घरी हवं असेल तर रबरी पट्टा घ्या, किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून, एक हात पलंगावर टेकून, दुसऱ्या हाताने सॅक कमरेपर्यंत ओढा.

पारनाका

सूर्यनमस्कारांचं काय? आमच्या शाळेत रथसप्तमीला सामूहिक असायचे. साहित्य लागत नाही, जागा सतरंजीएवढी.

लाल_माती

सूर्यनमस्कारांना माझा नमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले होते. घरच्या घरी करायला याहून सोपा आणि पुरता व्यायाम सापडणं कठीण. पण त्यातही ओढणं नाही, हा फिजिओबाईंचा मुद्दा मला आज पहिल्यांदा कळला. आमचे वस्ताद जोर-बैठकांनंतर दोरावर का चढवायचे याचं उत्तर पन्नाशीत मिळालं!

शिवाजीपार्क_कट्टा

अवांतर: दोराचं निघालंय म्हणून सांगते. माझी मुलगी दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबाला जाते. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले. नऊ वर्षांची पोर दोर पायाच्या अंगठ्यात धरून वर सरकते, ते बघताना मला माझ्या हातांची लाज वाटली आणि त्याच महिन्यात मी वजनं उचलायला सुरुवात केली. आता ४० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) करते. वय ४७.

पाचवा_मजला

घरी व्यायाम करणाऱ्यांना हात जोडून विनंती, दोरीच्या उड्या गच्चीवर मारा. आमच्या वरच्या मजल्यावर पहाटे पाचला सुरू होतं. देवघरातली घंटा आपोआप वाजते.

खिचडी_कढी

पाचवा_मजला, मग काकडआरती वेळेवर होत असेल :)

बेसमेंटातला_बार

मिनेसोटातून. इथे जानेवारीत उणे वीस म्हणजे नेहमीचंच. गाडीवरचा बर्फ खरवडून जिमला जायचं या विचारानेच दोन हिवाळे फुकट गेले. मग बेसमेंटमध्ये स्क्वॉट रॅक, २० किलोचा बार आणि जुनी वापरलेली वजनं जमवली. सात वर्षं झाली.

घरची जिम उत्तम, पण एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षी बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) करत होतो. शेवटचा जोर लागेना आणि बार छातीवर आला. बायको वरच्या मजल्यावर, टीव्ही चालू. नशीब, बारच्या टोकांना कॉलर (वजनं घसरू नयेत म्हणून लावायच्या कड्या) लावले नव्हते. एका बाजूला कलंडवलं, वजनं धडाधड खाली पडली, तेव्हा सुटलो. छातीवर पट्ट्यासारखा काळानिळा डाग महिनाभर होता. त्या रात्रीच सेफ्टी पिना (सुटलेला बार अडवणारे रॅकचे आडवे दांडे) मागवल्या. आता पिना छातीच्या उंचीला लावल्याशिवाय बेंचवर आडवा होत नाही. घरी एकट्याने जड वजन उचलणाऱ्यांनी कृपा करून हे लक्षात ठेवा.

टेकडीवाला

हे वाचून अंगावर काटा आला. सांभाळा.

रात्रपाळी

हिंजवडीला असतो, सोसायटीची जिम फुकट, चोवीस तास उघडी. दोन ट्रेडमिल, त्यातली एक वर्षभर बंद. डंबेल्स ५ किलोनंतर थेट १५. तरी मी तिथेच जातो, कारण लिफ्टने खाली उतरलो की पोचलो. माझ्यासाठी अंतर हा सगळ्यात मोठा मुद्दा निघाला. आधीची जिम तीन किलोमीटरवर होती, आणि वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तीन किलोमीटर म्हणजे किती ते इथल्यांना विचारा.

रॅकशेजारी

मी ठाण्यात ट्रेनर आहे, बारा वर्षं झाली. आमच्या धंद्यावर इथे जी टीका झाली त्यातली बरीच खरी आहे. वर्षाची फी एकदम घेण्यामागचं गणितच असं असतं की बरेच लोक मार्चपर्यंत गळतील. सगळे सभासद रोज आले तर उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

पण दुसरी बाजूही मांडतो. २०२० च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या आपल्याकडे २५ ऑक्टोबरला, दसऱ्याला उघडल्या. सात महिने. मी त्या काळात मोबाईलवरून १९ जणांना घरी व्यायाम शिकवला. पाण्याचे कॅन, तांदळाची पोती, वरवंटा, जे मिळेल ते. दसऱ्यापर्यंत सहाच उरले. आणि ते सहाही अगदी साधी माणसं, कुणी खेळाडू नव्हतं. त्यांच्यात एकच गोष्ट सारखी होती, वेळ पक्की आणि घरातल्यांना ती ठाऊक. एका काकूंनी तर दारावर पाटी लावली होती, ‘६ ते ६:३० बेल वाजवू नये’. बाकीचे तेरा जण वाईट नव्हते, त्यांच्या घरात त्यांना अर्धा तास कुणी दिला नाही, एवढंच.

ताई, तुमच्यासाठी चार शब्द. वर्षाचे पैसे भरू नका, महिन्याचे भरा, जास्त पडले तरी. भरण्याआधी तुम्ही ज्या वेळी खरोखर जाणार त्याच वेळी जाऊन बघा, दुपारी रिकामी जिम बघून फसू नका. पहिल्या दिवशी ट्रेनरला सांगा, ‘मला ट्रेडमिल नको, स्क्वॉट, डेडलिफ्ट, रो आणि प्रेस शिकवा,’ म्हणजे वजन घेऊन बसणं-उठणं, उचलणं, ओढणं आणि ढकलणं. त्याने आधी प्रोटीन पावडरचा डबा दाखवला तर दुसरी जिम शोधा. आणि बिल बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

वजनांच्या बाजूला मुलं असतात म्हणालात. हे मी रोज बघतो. बायका दारातून आत येतात, तिकडे एकदा नजर टाकतात आणि ट्रेडमिलकडे वळतात. ती बाजू तुमचीही आहे. तुम्हीही तेवढीच फी भरता.

उसळी

रॅकशेजारी यांना अनुमोदन, पण ‘ती बाजू तुमचीही आहे’ म्हणणं सोपं आहे. आमच्या गावातल्या जिममध्ये मी बार उचलला की तीन जण न विचारता शिकवायला यायचे. एकाने तर कमरेला हात लावून ‘पोझिशन’ दाखवली. मी मालकाला सांगितलं, तो हसला. मी त्या दिवसापासून गेले नाही आणि उरलेल्या आठ महिन्यांचे पैसेही मिळाले नाहीत. म्हणून मी घरी करते. घरी करणाऱ्या प्रत्येकीला आळशी समजू नका.

रॅकशेजारी

उसळी, हे ऐकून फार वाईट वाटलं. हसणाऱ्या मालकाला जिम चालवण्याचा हक्क नाही. आमच्याकडे हात लावण्याआधी विचारायचं, हा पहिल्या दिवसाचा नियम आहे, आणि तो सगळीकडे असायला हवा. ताई, जागा बघायला जाल तेव्हा तिथे वजनं उचलणाऱ्या बायका दिसतात का ते बघा. दोन-तीन जरी दिसल्या तरी त्या जागेबद्दल पुष्कळ कळतं.

बीपीवाला

मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. वजन उचललेलं चालेल का?

हिरवा_पट्टा

बीपीवाला, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. सर्वसाधारणपणे रक्तदाब आटोक्यात असेल तर हलक्या-मध्यम वजनांनी करता येतं. मुख्य सांभाळायचं म्हणजे श्वास रोखायचा नाही. दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून वजन उचललं की दाब एकदम वर जातो. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. मी पेशंटना उचलताना मोठ्याने आकडे मोजायला लावते, बोलता बोलता श्वास रोखता येत नाही.

खुर्चीवरची_आजी

मी ६८ वर्षांची. नातीने हा धागा वाचून दाखवला. माझा व्यायाम म्हणजे जेवणाच्या टेबलाची खुर्ची. हात छातीवर आडवे ठेवून उठायचं, बसायचं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पहिल्या दिवशी चार वेळा जमलं. आता तीस सेकंदांत चौदा होतात. मागच्या महिन्यात पंढरपूरला गेले तर मांडी घालून खाली बसले आणि कुणाचाही हात न धरता उठले. सुनेने डोळे पुसले.

हिरवा_पट्टा

आजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार! तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ही आमच्याकडे तपासणीच असते. तुमच्या वयाच्या बायकांना अकरापेक्षा कमी जमले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. तुम्ही चौदा करताय.

टेकडीवाला

आजींचं वाचून मी आत्ता खुर्चीवर करून बघितलं. अठरा झाले. मग फिजिओबाईंनी सांगितलेली सॅक ओढून बघितली. डाव्या हाताने सहा वेळांत हात गळाला. २२ वर्षं टेकडी चढतोय आणि हे ठाऊक नव्हतं. उद्यापासून टेकडीवरून उतरल्यावर दहा मिनिटं याची.

सातबावन्नची_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत लिहितेय, कारण तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं.

जुन्या जिमचं नूतनीकरण केलं नाही. स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक लहान जिम आहे, तिथे महिन्याचे पैसे भरले. रात्रपाळी यांचं अंतराचं वाचून डोक्यात आलं की आधीची जिम घराजवळ होती, हाच घोळ होता. घरी येऊन पिशवी टेकवली की मी परत बाहेर पडतच नाही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी लोकलमधून उतरून थेट तिकडेच. आधी त्याच वेळेला जाऊन बघितलं, चार बायका वजनं उचलत होत्या. त्यातल्या एकीने पहिल्या दिवशी बार कसा धरायचा ते दाखवलं, हात लावण्याआधी विचारून.

डेडलिफ्ट १५ किलोंनी सुरू केली, गेल्या शुक्रवारी २७.५. वही केली आहे.

बुधवारी घरी. मुलाला आणि नवऱ्याला बसवून सांगितलं की सकाळी सव्वासहा ते पावणेसात मी नाही असं समजा. पहिल्या बुधवारी तीनदा हाक आली, दुसऱ्या बुधवारी एकदा. काल आली नाही, नवऱ्याने दूध स्वतः तापवलं. घरी ओट्यावर जोर, खुर्ची आणि रबरी पट्टा ओढणं, एवढंच करते. पट्टा हॉलच्या खिडकीच्या ग्रिलला बांधलाय.

पितळी डबा काल मुद्दाम काढून बघितला. रिकामा होता, त्यामुळे ते काही खरं नाही. पीठ भरल्यावर कळेल.

शिवाजीपार्क_कट्टा

२७.५!! फार भारी वाटलं वाचून.

लाल_माती

मंगळवारी-शुक्रवारी गेला नाहीत तर त्या चार बायका विचारतील का?

सातबावन्नची_लोकल

विचारतात. गेल्या मंगळवारी मेगाब्लॉकसारखी दशा होती, पोचायला साडेआठ झाले. दारातच एकीने विचारलं, ‘आज येणार नाहीस वाटलं.’

हिरवा_पट्टा

ताई, फार आनंद झाला. एकच काम करा. ग्रिलचे स्क्रू भिंतीत घट्ट आहेत का ते पट्टा बांधण्याआधी हाताने ओढून बघा, चारही कोपरे. जुन्या इमारतींत ते प्लास्टरपुरतेच असतात, आणि पट्टा सुटला तर थेट तोंडावर येतो.

सातबावन्नची_लोकल

आत्ता बघितलं. डावीकडचा खालचा ढिला आहे, बोटाने फिरतोय. पट्टा काढून ठेवला. रविवारी माणूस बोलावलाय.